तिला थांबायचं होतं, त्याला निघायचं होतं

आपल्या ऐतिहासिक प्रेमकथांमध्ये बाईला काम एकच असतं, वाट बघणं. तो मोहिमेवर निघतो, ही सज्जात उभी राहते. टापांचा आवाज लांब जातो, डोळ्यांत पाणी येतं, मग निरांजन, मग एखादा खलिता. लेखक जरा धीट असला तर ती मर्दानी वेष करून त्याच्या मागावर निघते आणि दुसऱ्याच प्रकरणात फेटा सुटून तिचे केस मोकळे होतात. थट्टा करतेय खरी, पण शाळेत असताना करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेल्या अशा जाडजूड कादंबऱ्या मी जेवणाच्या ताटावरही खाली ठेवत नव्हते.

त्यातली गंमत अशी की हे सगळं मी वाचत होते कोल्हापुरात. कावळा नाक्यावरून जाताना घोड्यावरच्या ताराराणी रोज दिसायच्या. राजाराम महाराज 1700 मध्ये गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या, आणि तिथून पुढं औरंगजेब मरेपर्यंत सात वर्षं मोहिमा त्यांनी चालवल्या. ज्या गावाची गादीच एका मोहीम काढणाऱ्या बाईनं उभी केली, त्या गावात बसून मी सज्जातल्या नायिकांसाठी रडत होते.

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. ‘ताई, ऐतिहासिक प्रेमकथा द्या. ब्रिटिशांचा काळ, नायिका फोटोग्राफर, नायक मोहीमप्रमुख. तुम्ही दोघं तेच तर करताय की!’ दोघं म्हणजे मी आणि माझा नवरा. तो पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड अशा पदभ्रमंती मोहिमा नेतो आणि मी फोटो काढत मागून चालते. आमच्या संसाराला कुणी ‘ऐतिहासिक प्रेमकथा’ म्हणावं हे ऐकून नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

तरी मी कथेला बसले, आणि पहिल्याच पानावर अडले. नायिकेच्या हातात कॅमेरा दिला तरी ती करत होती वाट बघायचंच काम. फरक इतकाच, की आता ती वाट बघता बघता फोटो काढत होती. कॅमेरा नुसता दागिन्यासारखा तिच्या अंगावर होता. म्हणून मी कथा बाजूला ठेवली आणि अशी जोडी इतिहासात खरोखर होती का ते शोधायला लागले. शोधताना फॅनी भेटली.

फॅनी बुलक वर्कमन. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची, जन्म 1859 चा, बाप त्या राज्याचा गव्हर्नर, घरी पैसा रग्गड. तिनं आपल्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या डॉक्टर विल्यम हंटर वर्कमनशी लग्न केलं. प्रकृती बरी नाही म्हणून या डॉक्टरांनी पुढं चाळिशीतच व्यवसाय सोडला. प्रकृती बरी नसलेला हा माणूस नंतर वीस हजार फुटांच्या वर हिंडला आणि त्यानं नव्वदी गाठली. अशी तब्येत आपली सगळ्यांचीच बिघडो.

दोघांनी आधी सायकली घेतल्या. अल्जीरिया झालं, स्पेन झालं, मग 1897 पासून सिलोन आणि हिंदुस्थान. हिंदुस्थानच्या आसपासचा त्यांचा सायकलप्रवास चौदा हजार मैलांचा. हँडलला चहाची किटली, सोबत कोडॅक. हे चाललं होतं तेव्हा आपल्या मुलखात प्लेग होता, लोक गावाबाहेर झोपड्यांत राहत होते आणि लगोलग दुष्काळही पडला. त्यातून ही दोघं देवळांची शिल्पं टिपत सायकलवरून गेली. याचं कौतुक करावं की राग यावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही होतं.

उन्हाळ्यात मैदानात राहवेना म्हणून दोघं हिमालयाकडं वळली आणि मग सायकली कायमच्या विसरली. 1899 ते 1912 या काळात काराकोरम आणि आसपासच्या भागात त्यांनी मोहिमेवर मोहीम काढली. 1906 मध्ये लडाखकडच्या नुन-कुन भागातल्या पिनॅकल पीकवर फॅनी चढली, तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. अंगात लोकरी घागरा, डोक्यावर सोला टोपी. ते शिखर आजच्या मोजणीनं 6,930 मीटर भरतं आणि बाईनं गाठलेल्या उंचीचा तो विक्रम 1934 पर्यंत टिकला. दोन वर्षांनी ॲनी पेक नावाच्या दुसऱ्या अमेरिकन बाईनं पेरूमधलं शिखर चढून आपणच उंच गेल्याचा दावा केला. फॅनीनं काय करावं? तिनं स्वतःच्या खर्चानं फ्रेंच मोजणीदार पेरूला पाठवले आणि ते शिखर मोजून घेतलं. ते कमी भरलं. अशी बाई आमच्या पेठेत असती तर तिच्या शेजारी राहायला कुणी धजलं नसतं, पण तालमीच्या निवडणुकीत तिलाच निवडून दिलं असतं.

आता प्रेमकथेकडं येते. नवरा-बायकोनं एक पद्धत पाडली होती. मोहिमेचा बंदोबस्त एका वर्षी एकानं बघायचा, आणि दुसऱ्यानं फोटो, मोजमापं, टिपणं ही बाजू सांभाळायची. पुढच्या खेपेला उलट. 1912 च्या सियाचीन मोहिमेबद्दल फॅनीनं पुस्तकात हे स्पष्ट लिहून ठेवलंय. या वेळी डॉक्टर हंटर वर्कमन माझ्याबरोबर होते ते रसदीच्या कामात जोडीला, शिवाय फोटोग्राफर आणि हिमनद्यांचे अभ्यासक म्हणून. मोहिमेची जबाबदार प्रमुख मी होते आणि तिचं यश-अपयश बऱ्याच अंशी माझ्याच प्रयत्नांवर अवलंबून होतं, असा तिच्या म्हणण्याचा आशय. त्या वेळी ती त्रेपन्न वर्षांची होती आणि तिचा हा फोटोग्राफर पासष्टचा.

हे वाचलं आणि मला माझ्या घरातलं भांडण दिसलं.

फोटो काढणारा स्वतः फोटोत नसतो, हे वाक्य आता इतक्या पोस्टवर फिरतं की त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. खरी अडचण वेगळी आहे. मोहीमप्रमुखाला निघायचं असतं आणि फोटोग्राफरला थांबायचं असतं. या दोघांनी एकमेकांवर प्रेम करायचं म्हणजे दर अर्ध्या तासाला कुणीतरी कुणासाठी तरी हरायचं. प्रमुखाच्या डोक्यात माणसांची मोजदाद असते, अंधाराची वेळ असते, पुढच्या ओढ्याचं पाणी असतं. फोटोग्राफरच्या डोक्यात फक्त उजेड असतो. दोघांचंही घड्याळ बरोबर असतं, पण ते जुळत नाही.

मसाई पठारावर हे दरवर्षी होतं. पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी घोषणा होतात, मंडळी उतरते, आणि तुरुकवाडीच्या पुढं चढ संपला की ते अफाट सपाट पठार लागतं. जुलैमध्ये तिथं धुकं इतकं दाट असतं की पुढच्या माणसाची फक्त रेनकोटची निळाई दिसते. जांभा दगड शेवाळलेला, त्यातून पाण्याच्या लाल चिळकांड्या, बुटाच्या आत पचपच. आणि मग एकदम, काही सूचना न देता, वारा धुक्याचा पडदा बाजूला करतो. खाली हिरवीगार खाचरं, वर एक फाटका ढग, पठाराच्या कडेवरून चाललेली माणसांची लांबच लांब रांग. हे दृश्य टिकतं दोन मिनिटं. मी पिशवीतून कॅमेरा काढेपर्यंत त्यातलं एक गेलेलं असतं. लेन्सवर बाष्प धरलेलं असतं, ते पुसायला कोरडं फडकं अंगावर कुठंच नसतं. मग ब्लाऊजच्या आत जपून ठेवलेला रुमाल निघतो.

‘अगं, चल की! मंडळी पांगली पार!’ पुढून आरोळी येते.

‘दहाच मिनिटं!’

‘तुझी दहा मिनिटं म्हणजे आंबेवाडीत अंधार. ठाऊक आहे मला!’

पोरं खाली माना घालून हसत असतात. आमच्या ग्रुपमध्ये ‘वैनींची दहा मिनिटं’ हे काळाचं स्वतंत्र माप झालेलं आहे.

फॅनी आणि विल्यमचं असं भांडण झालं असणारच. त्यांच्या पुस्तकांत ते नाही, दोघांचीही नावं मुखपृष्ठावर शेजारी शेजारी आहेत आणि आतला सूर एकमताचा आहे. पण वीस हजार फुटांवर कॅमेऱ्याची तिपाई उभी करायची म्हणजे हातमोजे काढावे लागतात. हातमोजे काढले की बोटं बधिर. मागं दोर बांधलेली माणसं उभी, उन्हानं बर्फ मऊ होत चाललेला, प्रत्येक मिनिटाला पायाखालची भेग उघडायची शक्यता जास्त. 1912 मध्ये त्यांचा शेनो नावाचा इटालियन सोबती बर्फाच्या भेगेत पडून मेलाच. अशा ठिकाणी ‘थांब, उजेड येऊ दे’ म्हणणं आणि ते ऐकून दुसऱ्यानं थांबणं, याला मी प्रेम म्हणते. पण ते एकतर्फी होऊ नये म्हणून या जोडीनं काढलेली अदलाबदलीची पद्धत त्याहून मोठी. या वर्षी तू माझ्यावर ओरडलास, पुढच्या वर्षी मी तुझ्यावर ओरडेन. माझ्या माहितीतल्या सुखी संसारांत कुठंतरी हाच करार असतो, फक्त तो असा छापलेला नसतो.

त्या मोहिमेतला एक फोटो प्रसिद्ध आहे. सिल्व्हर थ्रोन नावाच्या पठारावर, सुमारे एकवीस हजार फुटांवर, फॅनी बर्फात उभी आहे आणि तिच्या हातात एक वर्तमानपत्र उघडून धरलेलं आहे. मथळा वाचता येतो, ‘बायकांना मत’. त्या वेळी तिच्या देशात बायकांना सर्वत्र मताचा हक्क मिळालेला नव्हता. तो 1920 मध्ये आला. आपल्या मुंबई इलाख्यात 1921 मध्ये, तोही मोजक्याच बायकांना. आता या फोटोकडं फोटोग्राफर म्हणून बघा. बर्फाची चकाकी इतकी की कागद पांढरा फटक येऊन अक्षरं गायब व्हायला हवीत. अक्षरं आलीत. म्हणजे कॅमेऱ्यामागच्या माणसानं त्या मथळ्यासाठी उजेडाचा विचार केलाय. बाईला काय म्हणायचंय ते कॅमेऱ्यामागच्या माणसाला कळलं होतं, आणि ते वाचता यावं एवढी त्यानं काळजी घेतली. प्रेमपत्रं मी बरीच वाचलीत. हे त्यातल्या चांगल्यांपैकी आहे.

याच्या शेजारी मला होमाई व्यारावाला आठवतात. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. फोटोग्राफी त्यांना शिकवली माणेकशॉ यांनी, जे पुढं त्यांचे पती झाले. सुरुवातीला होमाईंचे फोटो छापून यायचे ते माणेकशॉंच्या नावावर, कारण बाईचं नाव कोण ओळखणार? त्याही संसारात प्रेम होतं, काहीच शंका नाही. पती गेल्यानंतर लवकरच, 1970 मध्ये, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि नंतरची चाळीसेक वर्षं तो कधी व्यवसायासाठी उचलला नाही.

आणि आमचं कोल्हापूर? इथं कॅमेऱ्याला देवासारखा मान. बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा बनवला, 1918 मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, खरी कॉर्नरला आजही कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. त्यांच्या ‘सैरंध्री’ या चित्रपटात काम करायला गुलाबबाई आणि अनुसयाबाई पुढं आल्या, त्यापायी त्यांना समाजाचं नको ते ऐकावं लागलं. कॅमेऱ्यासमोर उभं राहायची किंमत एवढी. कॅमेऱ्यामागं एखादी बाई उभी राहिली असती तर लोक काय म्हणाले असते कोण जाणे. कदाचित काहीच म्हणाले नसते, कारण मागं कोण आहे हे बघायची कुणाला सवयच नव्हती.

सियाचीन म्हटलं की आपल्याला जवान आठवतो, 1984 पासूनची ती चौकी आठवते. त्या हिमनदीच्या अगदी वरच्या टोकाला एक खिंड आहे, इंदिरा कोल. नाव ऐकून बहुतेकांना वाटतं ते इंदिरा गांधींवरून पडलं असणार. ते नाव 1912 मध्येच फॅनीनं दिलं, लक्ष्मीचं म्हणून. अंबाबाई की महालक्ष्मी या आमच्या गावच्या वादात मी पडत नाही, पण लोकरी घागऱ्यातल्या त्या अमेरिकन बाईनं जगाच्या छपरावर आमच्या देवीचं एक नाव ठेवून यावं, हे कळल्यावर मी ते नवऱ्याला रात्री अकराला उठवून सांगितलं.

इतकी वर्णनं केली म्हणून मी तिच्या प्रेमात आंधळी झालेय असं नाही. या दोघांच्या प्रेमाचं ओझं तिसऱ्यांनी वाहिलं. पहिलं तिसरं माणूस म्हणजे मुलगी, रेचल. तिचा धाकटा भाऊ 1893 मध्ये लहानपणीच गेला, त्यानंतर आईबाप जगाच्या प्रवासाला आणि ही शाळेच्या वसतिगृहात. पुढं ती भूगर्भशास्त्रज्ञ झाली, कानपूरच्या गिरणीधंद्यातल्या अलेक्झांडर मॅकरॉबर्टशी तिनं लग्न केलं. तिन्ही मुलगे वैमानिक झाले. एक 1938 मध्ये विमान अपघातात गेला, उरलेले दोघं 1941 मध्ये युद्धात. तेव्हा तिनं ब्रिटिश हवाई दलाला एका बॉम्बर विमानासाठी 25,000 पौंड दिले आणि त्या विमानाचं नाव ठेवलं ‘मॅकरॉबर्ट्स रिप्लाय’. शिखर मोजायला माणसं पाठवणाऱ्या बाईचीच ही लेक. हे दुखणं कुठल्या वसतिगृहात सुरू झालं असेल, याचा विचार मी करते, आणि मग माझ्या लेकीला जुलैत आजीकडं ठेवून आम्ही दोघं डोंगरात जातो ते आठवून विषय बदलते.

दुसरे तिसरे म्हणजे हमाल. काराकोरमकडच्या बाल्टिस्तानातली माणसं, शेकड्यांनी. तंबू, पीठ, दारूगोळ्यासारखे जपलेले फोटोच्या सामानाचे खोके, सगळं त्यांच्या पाठीवर. त्यांच्याबद्दल या जोडीनं जे लिहिलंय ते वाचवत नाही. आळशी, चोर, काम टाकून पळणारे. हिमालयातल्या मोहिमांचा इतिहास लिहिणाऱ्या केनेथ मेसन यांनी साफ म्हटलंय, की या दोघांना धीर नव्हता, हमालांचं मन समजून घ्यायचा प्रयत्न त्यांनी क्वचितच केला, म्हणून त्यांच्याकडून चांगलं काम मिळालं नाही. एकमेकांसाठी बर्फात थांबणारी माणसं तिसऱ्यासाठी पाच मिनिटं थांबायला तयार नव्हती.

यंदा आम्ही त्यांची पद्धत करून बघितली. पन्हाळ्यावरून निघताना नवऱ्यानं शिट्टी माझ्या गळ्यात घातली आणि कॅमेऱ्याची पिशवी स्वतः घेतली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पठारावर पोचेपर्यंत मी मागं वळून तीनदा शिट्टी मारली होती. चिखलात कोपरं टेकून साहेब एका सोनकीच्या रोपाला मोठं करण्यात गुंतले होते, आणि माझ्या डोक्यात करपेवाडीच्या ओढ्याचं पाणी चढत होतं. ‘अहो, चला की!’ असं मी ओरडले तेव्हा रांगेतलं एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, ‘आता दादांची दहा मिनिटं सुरू झाली बघ.’ मला हसू आलं नाही. खरोखर राग आला होता. फुलाचा फोटो मात्र झकास आलाय, हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

आमच्याबरोबर वाडीवरचे एक मामा असतात. टेम्पो जिथं पोचत नाही तिथलं सामान ते घेतात, माझी तिपाईही त्यांच्याच खांद्यावर असते. आमची ही खडाजंगी चालू असताना ते पावसात शांतपणे उभे होते. शेवटी म्हणाले, ‘ताई, तुमचं चालू द्या निवांत. फकस्त ह्यो तीन पायांचा हितंच रोवायचा का म्होरं न्ह्यायचा, तेवढं सांगा. खांदा भरून आलाय.’

दिवाळी अंकाची कथा तिथं सुटली. काळ शाहू महाराजांचा, राधानगरीच्या धरणासाठी भोगावतीचं खोरं मोजलं जातंय. दाजीपूरच्या जंगलात मोजणीची तुकडी चाललीय. नायक त्या तुकडीचा प्रमुख, नायिका एका पेंटरची मुलगी, बापाचा कॅमेरा घेऊन नोंदीचे फोटो काढायला आलेली. त्यालाही दुर्बीण रोवायला थांबावं लागतंच, पण हिला थांबायचं असतं ते नेमकं तो जिथून निघालाय तिथं. त्यांचं जमतं, बिनसतं, पुन्हा जमतं. सज्जा कुठंच नाही, खलिता नाही. आणि हे सगळं सांगतो तो त्यांच्या मागून चालणारा हमाल, कारण त्या दोघांना एकाच वेळी बघणारा जंगलात तो एकटाच होता. मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई त्याच्या एका खांद्यावर, कॅमेऱ्याची दुसऱ्या. त्याचं नाव अजून ठरलेलं नाही, पण दोन्हींतली कुठली जड ते तो पहिल्याच परिच्छेदात सांगणार आहे.